कांद्याच्या डोक्यावर मेथी

समुद्राचं पाणी खारट असतं हे मी मराठी चौथीत शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं आणि त्याचा गुणही मिळाला होता. तरी मुंबई बंदराच्या पायऱ्यांवर, पहिल्याच सकाळी, रिसोडहून बरोबर आणलेल्या पितळी लोट्यात ते पाणी घेऊन मी अशी ऐसपैस चूळ भरली की शेजारचा कोकणी खलाशी माझी पाठ चोळायला धावला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि त्याही अवस्थेत मी त्यालाच सांगतोय, "अवो, मले मालूम हाय! पुस्तकात हाय हे!"

हा प्रसंग आधी सांगून टाकतो. पुढे जे झालं, त्याला 'मला ठाऊक नव्हतं' ही सबब चालायची नाही.

लढाईवरून परत आल्याला आता वर्ष होत आलं. बाजारात, न्हाव्याकडे, रिठदच्या मेव्हण्याच्या ओसरीवर लोक मला लढाईच्या गोष्टी विचारतात आणि मी सांगतो. तोफ सांगतो, पाणबुडी सांगतो, लाटा तर अशा सांगतो की ऐकणाऱ्याने पाय वर घ्यावेत. एकच गोष्ट सांगत नाही. ती आज लिहितो आहे.

आमचं घर बागवानांचं. गावाबाहेर विहिरीवर मळा. मेथी, पालक, वांगी, कोथिंबीर. मी पिकवायचं, घरचीने बाजारात विकायचं. कांदा आम्ही कधी लावला नाही, तो कास्तकारांचा माल. भाजीवाल्याची खरी विद्या म्हणजे पाणी मारणं. मेथीच्या जुड्या उन्हात मान टाकायला लागल्या की बोटांनी हलकं पाणी शिंपडायचं, वरून ओला बारदाना टाकायचा. मेथी अशी उठून बसते जणू आत्ताच उपटली. घरचीचा हात यात फार चांगला. माझाही वाईट नाही, असं मी समजत होतो.

लढाई मधोमध आली असताना भरतीची मोटार बाजारात आली. त्याच सकाळी वांग्यांच्या टोपलीवर मी चुकून बसलो होतो आणि घरचीने चार गिऱ्हाइकांदेखत माझी अक्कल काढली होती. रागाच्या भरात मी मोटारीत चढलो. वय छत्तीस होतं, अठ्ठावीस सांगितलं. डॉक्टरने माझ्या दातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली. मी मनात म्हणत होतो, अकोल्यापर्यंत जाऊ, राग उतरला की परत येऊ. पण सरकारची मोटार एका दिशेनेच जाते.

मुंबई ते कराची

जहाजाचं नाव सांगत नाही. एक तर तेव्हा सक्त मनाई होती, आणि दुसरं म्हणजे मला ते आजही नीट म्हणता येत नाही. लढाऊ जहाज होतं, पण फार मोठं नव्हे. पुढे एक तोफ, मागे एक, आणि पाण्यात टाकायचे पिंपासारखे बॉम्ब. आमचं काम मालवाहू जहाजांचा काफिला राखायचं. कळपाभोवती कुत्रं फिरतं तसं.

मला वाटलं होतं, तोफेवर ठेवतील. साहेबाने विचारलं, "घरी काय करत होतास?" मी अभिमानाने सांगितलं, "भाजीपाला." झालं. त्या दिवसापासून मी भाजीची कोठी सांभाळू लागलो. कोठी म्हणजे डेकवरच लाकडी पट्ट्यांचं एक मोठं कपाट, वारा खेळता राहावा असं. खालच्या खणात कांद्या-बटाट्यांची पोती, वरच्या खणात पालेभाजी आणि कोबी. हा खण वरचा नि हा खालचा, ही मांडणी कोणी ठरवली? मी. बाजारात आपण मेथी वरच मांडतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. जहाजावर गिऱ्हाईक कोण येणार होतं, ते मला विचारू नका.

पहिले चार दिवस मी भाजीपेक्षा वाईट स्थितीत होतो. पोटात काही राहत नव्हतं. पाव आणि डब्यातलं दूध पाहिलं की पुन्हा कठड्याकडे पळायचं. पाचव्या दिवशी एक उंच, काळासावळा खलाशी माझ्यापुढे येऊन बसला आणि मूठभर मीठ लावलेली भाजकी ज्वारी त्याने माझ्या हातावर ठेवली.

"चावा हळूहळू," तो म्हणाला. "पोटात काही असलं तं उलटीलेबी हिंमत येते."

मी दचकलोच. "तुमी वऱ्हाडातले?"

"कामरगावचा. कारंज्याजवळचा. अन् तुमी?"

"रिसोडचा!"

"अबे, मंग आपन तं घरचेच निंगालो!"

असा मला संपत भेटला. वय पंचवीस-सव्वीस. कास्तकाराचा मुलगा. तोफेवर गोळे चढवायचं त्याचं काम, आणि रोज सकाळी इतर खलाशांबरोबर समुद्राचं पाणी ओढून डेक घासायचं. घरी माय-बाप दोघंच. तो मला महादेवभाऊ म्हणायचा. नाव माझं महादेवच, पण जहाजावर 'भाऊ' तेवढा त्यानेच लावला.

कराचीत आम्ही ताजी भाजी भरली. मेथी पाहून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिथेच संपतला घरून चिठ्ठी आली. त्याने ती माझ्याकडून वाचून घेतली, कारण त्याला अक्षरं एकेक करून लागायची. बापाच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता. कारंज्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं की गेलेली नजर आता परत येत नाही. दिवाळीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल, मग नाही.

संपतने चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. "माहा बुढा म्हनून राह्यला, एक डाव माहं तोंड पाह्यलं का मंग डोये गेले तरी चालते. पावसायात जहाज मुंबईले दुरुस्तीले जाईन ना, महादेवभाऊ? तवा माही सुट्टी लागते. दिवायीच्या आंधीच पोचतो."

"पोचशीन," मी म्हणालो. मोठ्या माणसासारखा म्हणालो.

बसऱ्याच्या वाटेवर

कराची सोडल्यावर तिसऱ्या दिवशी भोंगा झाला. पाणबुडी! प्रत्येकाची जागा ठरलेली. माझी जागा खाली, स्वयंपाकघरातून जखमींसाठी गरम पाणी पुरवायला. मी कोठीच्या दाराशी होतो. तिथून आत शिरलो आणि बटाट्याच्या पोत्याला मिठी मारली. बाहेर पिंपं पाण्यात पडत होती. प्रत्येक दणक्याला जहाज असं हादरायचं जणू खालून कोणी दार ठोठावतंय. दोन तासांनी सगळं शांत झालं. पाणबुडी होती की नव्हती हे कोणालाच कळलं नाही, पण मेलेले मासे मात्र पाण्यावर पांढरे तरंगत होते आणि कोकणी मंडळी बादल्या टाकून ते उचलत होती. मी केसांत तागाचे धागे घेऊन बाहेर आलो. संपतचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, अंगातून धार लागलेली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काहून महादेवभाऊ, बटाटे भेले होते का?"

मीही हसलो. आणि त्याच संध्याकाळी घरी पत्र लिहिलं की आज तोफेवर मी गोळे पुरवले. रिसोडात ते पत्र तीन घरी वाचलं गेलं, असं पुढे कळलं.

मग आखाताची गरमी सुरू झाली. आमच्याकडचा वैशाख मी अंगावर काढलेला माणूस, पण तिथे लोखंडच तापतं; कठड्याला हात लावला की तवा. गोडं पाणी मापून मिळायचं, माणशी दिवसाला एक बादली, त्यातच अंघोळ आणि कपडे. माझी मेथी मान टाकू लागली. कोबीची पानं कागदासारखी झाली. मला ते बघवेना. घरचीच्या टोपलीत अशी मेथी दिसली असती तर तिने माझी गावभर धिंड काढली असती.

सकाळी संपत डेक घासत होता. मी म्हटलं, "संपत, दोन बादल्या दे रे इकडे. भाजीवर मारतो."

तो थांबला. "खारं पानी हाय, भाऊ. चालते का?"

"अबे, वरतून शिंपडाचं हाय, पाजाचं नाही. भाजीचं मले सांगतं का?"

"तुमी म्हन्ता तं..." असं म्हणून त्याने दोन बादल्या आणून दिल्या. नंतर रोजच आणून देऊ लागला. मी बोटांनी शिंपडायचो, बारदाना टाकायचो, उरलेलं वरून ओतायचो. पहिल्या दिवशी मेथी खरंच उठून बसली. मुख्य आचारी दाजीबा म्हणाले, "वा रे माळीबुवा!" माझी छाती फुगली.

तिसऱ्या दिवशी मेथी करपून काळी झाली. सहाव्या दिवशी दाजीबांनी कांदे काढायला पोत्यात हात घातला आणि तो तसाच बाहेर काढून नाकापासून लांब धरला. वरचं सगळं खारं पाणी पट्ट्यांतून खाली झिरपलं होतं. कांद्याचा रबडा, बटाट्याचा चिखल. दीडशे माणसांची तीन आठवड्यांची बेगमी होती ती. वास असा सुटला की तोफेवरची माणसं नाकाला फडकी बांधून उभी राहिली.

टोपी

आपल्याकडे कोणापुढे डोईचं पागोटं काढायचं म्हणजे घरात मयत झाल्याची खूण, किंवा पार शरण गेल्याची. जहाजावर गुन्हेगाराला साहेबापुढे उभं करतात तेव्हा पहिला हुकूम असतो, 'टोपी काढ!' मग उघड्या डोक्याने उत्तरं द्यायची.

पेटी ऑफिसरने, म्हणजे खलाशांवरच्या हवालदाराने, संपतला रोज कोठीकडे बादल्या नेताना पाहिलं होतं. त्यामुळे टोपी त्याची निघाली. मी बाजूला, टोपी घालून, साक्षीदार म्हणून उभा.

साहेब हिंदुस्थानी बोलायचे. आधी त्याला विचारलं, "समंदर का पानी कोठी में तुमने डाला?"

संपतने माझं नाव घेतलं नाही. मग साहेब माझ्याकडे वळले. "तुमने मंगवाया था?"

आता इथे मला सांगता आलं असतं की जीभ वळली नाही, घाबरलो, भाषा कळली नाही. यातलं काही खरं नाही. मला सगळं स्वच्छ कळत होतं. मला दिसत होतं, माझी सुट्टी जाईल. आणि त्याहून लाज वाटण्यासारखं म्हणजे मला हे दिसत होतं की भाजीवाल्यानेच भाजी नासवली म्हणून दीडशे माणसं हसतील.

"नहीं साहब," मी म्हणालो.

संपतने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. आपण चालता चालता सोबतच्याशी बोलावं आणि तो मागेच राहिलेला असावा, तेव्हा माणूस वळून जसं पाहतो, तसं. मग तो साहेबाकडे वळला.

"हां साहब. मैंनेच डाला."

त्याची येती सुट्टी रद्द झाली.

पुढचे कितीतरी दिवस दीडशे माणसं कांद्याविना डाळ जेवली आणि प्रत्येक जेवणाला त्याच्या नावाने बोटं मोडली. मी त्याच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "जाऊ द्या, भाऊ. तुमी घरी बायको-पोरांचे मानूस." आणि पुढे भाजकी ज्वारी काही त्याने मला दिली नाही. संपली असेल, अशी मी माझी समजूत घातली.

रिसोड

भादव्यात जहाज मुंबईला दुरुस्तीला लागलं. मला महिन्याची सुट्टी मिळाली. निघताना संपतने मला एक छोटं गाठोडं दिलं. बापासाठी बसऱ्याचे खजूर आणि आईसाठी कापड. "सवड भेटली तं कामरगावले देऊन द्या," एवढंच म्हणाला.

अकोल्यापर्यंत आगगाडी, तिथून वाशीमला कोळशावर चालणारी मोटार. ती चढ आला की थांबायची, आम्ही उतरायचो, ढकलायचो आणि पुन्हा बसायचो. वाशीमहून बैलगाडी. रिठदला मेव्हण्याने गाडी अडवून हार घातला. ज्वारी पोटरीला आलेली, काळ्या रानावर कपाशी हिरवीगार, आणि मी पांढऱ्याशुभ्र पोशाखात. रिसोडात शिरेपर्यंत मी तोफेवर गोळे पुरवणारा राहिलो नव्हतो, तोफच मी चालवत होतो.

एक दिवस, दोन दिवस, दहा दिवस. गाठोडं खुंटीवर. घरची रोज त्याच्याकडे पाहायची.

"थे कोनाचं हाय?"

"संगतीच्या एकाचं. कामरगावचा हाय."

"मंग देऊन काहून नाही येत?"

"जातो."

सोळाव्या दिवशी तिने गाठोडं खुंटीवरून काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. ताटात मात्र काही वाढलं नाही. मी उठलो.

कामरगाव

वाशीमहून कारंजा, कारंज्याहून चिखलातून पायी. पोशाखाला डाग लागू नये म्हणून मी विजार गुडघ्यापर्यंत वळून बूट हातात घेतले होते. गावाच्या कडेला येताच ते घालून, पुन्हा ऐट करून विचारत विचारत गेलो. घर मातीचं, सारवलेलं, पुढे ओटा. ओट्यावर एक म्हातारा शेंगा सोलत बसला होता, बोटांनी चाचपत.

मी समोर उभा राहिलो. त्याने मान वर केली. भादव्याचं ऊन माझ्या पांढऱ्या पोशाखावर पडलं होतं. त्याला तेवढंच दिसलं असावं.

शेंगांचं सूप खाली पडलं. "संपत?"

मी त्याच वेळी 'नाही' म्हणायला हवं होतं. जिथे म्हणू नये तिथे जहाजावर मी किती चटकन म्हणालो होतो! इथे तोंड उघडेना. म्हातारा उठला, हात पुढे करून आला आणि त्याने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "आला रे बाप्पा माहा... अवो, भायेर ये! संपत आला! दिसून राह्यला मले, पांढरा दिसून राह्यला!"

आतून त्याची बायको पिठाच्या हातांनी धावत आली. उंबऱ्यात थबकली. माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाली, "अवो, हा संपत नाही. त्याचा संगी असन."

म्हाताऱ्याने माझं मनगट सोडलं. झटकलं नाही, एकेक बोट उचलून सोडलं. आयुष्यात माझा हात असा कोणी सोडलेला नाही.

"बसा," तो म्हणाला. "पानी दे वं पावन्याले."

मी गाठोडं दिलं. खजूर चाचपून त्याने वास घेतला. जेवल्याशिवाय जाऊ देईनात. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा, आणि म्हातारीने मुठीने फोडून ताटात ठेवलेला कांदा. तो कांदा मी भाकरीखाली सरकवला.

म्हातारा समोर बसला होता. "चिठ्ठी आली होती त्याची. कोनाकडून लिवून घेतली होती. लिवलं, कांदे नासवले माह्यानं, म्हनून सुट्टी गेली. चावडीवर वाचली तवा लोक हासले. कास्तकाराचा पोट्टा अन् कांदे नासवते! त्याची माय तवापासून पान्यालेबी चावडीपुढून नाही जात."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

"मले एक सांगा, पावने. तुमी तं तठी होते. कांदे कुठी ठेवले होते?"

"खालच्या खनात."

"अन् वर काय होतं?"

"मेथी... पालेभाजी."

"पानी कशावर मारलं? कांद्यावर?"

"नाही. मेथीवर."

म्हातारी चुलीशी बसून ऐकत होती.

"मंग हे संपतचं काम नोहय," म्हातारा म्हणाला. "माहा पोट्टा येडा असन, पन कांद्याच्या डोक्यावर वली मेथी ठेवनार नाही. आमच्या घरी कांदा माळ्यावर, वाऱ्यावर; थेंब लागू देत नाही आमी. मेथीवर पानी मारनारा मानूस बाजारवाला. बागवान." त्याने चेहरा माझ्याकडे केला. डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी लागलेले. "तुमी कोन्या गावचे म्हन्ले?"

"रिसोडचा."

"शेती काय हाय?"

मला खोटं बोलता आलं असतं. कपाशी म्हणालो असतो तर त्याला कुठे दिसणार होतं! पण भाकरीखाली त्यांचा कांदा होता आणि त्याच्यादेखत खोटं बाहेर पडेना.

"बागाईत," मी म्हणालो. "मेथी, पालक. पानी म्या मारलं, बाबा. संपतनं बादल्या आनून देल्या, म्या मांगतल्या म्हनून. साहेबानं मले इचारलं अन् म्या नाही म्हन्लं."

चुलीशी भांडं वाजलं. म्हातारी उठून माझ्या ताटाकडे आली. मला वाटलं, ताट उचलते. तिने अर्धी भाकर आणखी वाढली आणि माझ्याकडे न पाहता परत गेली.

"समजलं होतं मले," म्हातारा म्हणाला. "तुमी सोता बोल्ता का नाही, तेवढंच आयकाचं होतं. पन मले सांगून काय होते? जठी नाही म्हन्लं, तठी जाऊन सांगा. अन् जाता जाता चावडीवर सांगून जा. म्हनजे त्याची माय तठून पान्याले जाईन."

चावडीवर आठ-दहा माणसं होती. माझा पोशाख पाहून त्यांनी जागा दिली. एकाने तंबाखू पुढे केली आणि म्हणाला, "बोला, लढाईतलं काई सांगा." मी सांगितलं. त्यांनी तंबाखूची चंची हळूच परत ओढून घेतली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

परत

रिसोडला येऊन घरचीला सगळं सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. जुड्या संपल्यावर उठली, माझी पत्र्याची पेटी काढली आणि कपडे भरू लागली.

"अजून नऊ दिवस हायेत माहे," मी म्हणालो.

"थे त्यायचे हायेत," ती म्हणाली.

मी परत गेलो. यावेळी टोपी माझी निघाली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अब क्यों बता रहे हो?" मी म्हणालो, "साहब, एक बूढ़े ने पहचान लिया." त्यांना ते कळलं की नाही, देव जाणे. मला वर्षभर सुट्टी बंद, आणि रोज दोन तास जहाजाचा गंज खरवडणं. दाजीबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. दीडशे माणसं हसलीच. त्यांतून मला इतकं कळलं की हसण्याने माणूस मरत नाही. हे त्या पहिल्या वेळीच कळलं असतं तर!

संपतची सुट्टी मात्र लगेच मंजूर झाली नाही. कागद वर गेला, खाली आला. मधे जहाज पुन्हा एकदा कराचीला जाऊन आलं. तो गावी पोचला तेव्हा दिवाळी होऊन बारा दिवस झाले होते.

परत आल्यावर तो आपणहून माझ्याकडे आला. मी गंज खरवडत होतो.

"काय म्हन्ले बाबा?" मी विचारलं.

"उजीड कळते फक्त. मले म्हन्ते, आता खरा आला, का अजून कोनाले धाडलं?" तो हसला. "हात पाह्यले माहे. तोफीचे घट्टे पाह्यले. मंग म्हन्ते, हा, हा माहा हाय."

मला हसता आलं नाही. मग तो म्हणाला, "माय चावडीपुढून पान्याले जाते आता." आणि खिशातून मूठभर भाजकी ज्वारी काढून त्याने माझ्या शेजारी, गंजलेल्या पत्र्यावर ठेवली.

लढाई संपली, आम्ही दोघंही सुटून आलो. परवाच्या बाजाराला संपत बैल पाहायला म्हणून रिसोडला आला होता. मी त्याला घरी जेवायला आणलं. घरचीने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. तिने पाट मांडला, तांब्या ठेवला, पदर सावरून "या भाऊ," म्हणाली. भाकर, झुणका, वांग्याची भाजी. संपतच्या ताटात एक मोठा कांदा फोडून ठेवला. मुलांच्या ताटांत फोडी ठेवल्या. रिठदचा मेव्हणा आला होता, त्यालाही दिला. माझं ताट तेवढं कांद्याविना.

मला वाटलं, विसरली. परत आल्याला वर्ष होत आलं, घरात त्या गोष्टीचा कधी उच्चार झाला नव्हता. मी समजत होतो, मिटलं. मी ताट जरा पुढे सरकवून म्हणालो, "अवो, मले कांदा नाही देल्ला."

ती संपतच्या ताटात झुणका वाढत होती. हात न थांबवता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमच्या वाट्याचा जहाजावर सडला."